जमिनीचा उपास

सुती कपडे घालून मॅडमच्या घरी जायचं नाही, हे आमच्या विभागात नव्याने आलेल्या माणसाला कोणी ना कोणी लवकरच सांगून ठेवत असे. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मृदाशास्त्र विभागात सहायक म्हणून रुजू झालो आणि रीत म्हणून विभागातल्या या ज्येष्ठ प्राध्यापक मॅडमना भेटायला उत्तर नागपुरातल्या त्यांच्या गल्लीत गेलो, तेव्हा माझ्या अंगात खादीचा सदरा होता. मॅडमनी चहा दिला, गाव विचारलं, आईवडील काय करतात ते विचारलं आणि बोलता बोलता माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चोळली.

"खादी आहे ना गा? कोपरावर विरली आहे. अजून किती दिवस घालशील?"

मी म्हटलं, वर्षभर तरी जाईल.

"जुना झाला का मले आणून दे. फेकू नको. फेकलेलं कापड कोनाच्याच पोटात जात नाही."

मला वाटलं, मॅडम गरिबांना कपडे वाटत असतील. तसं काही नव्हतं. मॅडम मातीला जेवण देत असत.

त्यांचा हा शब्द, जेवण. आषाढात माती ओली झाली की पांढऱ्या सुती कापडाच्या वीतभर पट्ट्या कापायच्या आणि निरनिराळ्या झाडांखाली जमिनीत उभ्या पुरायच्या. पोळ्याच्या सुमाराला त्या उकरून काढायच्या. कापूस हा मातीतल्या बारीक जिवांचा खाऊ. जिथली पट्टी चिंध्या होऊन निघे, त्या मातीला भूक आहे. जिथली पट्टी शाबूत निघे, तिची भूक मेली आहे. विभागात त्यासाठी लागणारी यंत्रं होती, आणि मॅडम ती आमच्यापैकी कोणाहीपेक्षा काटेकोरपणे वापरत. पण यंत्राचे आकडे येण्याआधी त्यांना चिंधी पाहायची असे. सकाळी कॉरिडॉरमध्ये भेटल्या की नमस्काराच्या आधी विचारायच्या, "त्या सागवानाखाली जेवण देऊन आला का?" बाहेरच्या माणसाला वाटायचं, सागवानाखाली कोणी मजूर बसलेला आहे.

कापड शंभर टक्के सुती असावं लागे. त्यात थोडा जरी पॉलिस्टर असला तरी माती तो खात नाही आणि सगळा हिशोब बिघडतो. म्हणून मॅडम बर्डीच्या बाजारात कापड घ्यायला जात तेव्हा पर्समध्ये माचीस असायची. ठाणातला एक धागा ओढायचा, दुकानाच्या पायरीवर उभं राहून पेटवायचा आणि वास घ्यायचा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली की कापड खरं. धाग्याच्या टोकाला काळा मणी जमला की ठाण परत. एका दुकानदाराने त्यांना पाहताच नोकराला हाक मारलेली मी स्वतः ऐकली आहे : "अरे, मॅडम आ गयी, पंखा बंद कर, नहीं तो पूरा दुकान जलेगा!" मॅडम मनापासून हसल्या आणि त्याच्याच काउंटरवर धागा पेटवला. मणी जमला. "तुहा कॉटन तर वितळून राहिला बाप्पा," म्हणाल्या आणि पुढच्या दुकानात गेल्या.

त्या सगळीकडे असंच बोलत. वर्गात, परिषदेत, कुलगुरूंसमोर. इंग्रजी त्यांचं उत्तम होतं, निबंध त्या इंग्रजीतच लिहीत, पण तोंड उघडलं की नागपूर. एका परिषदेत दिल्लीच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने सुबाभळीच्या रोपवनामुळे जमीन कशी सुधारते यावर तासभर भाषण केलं. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मॅडम उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, माती सुधारली, हे मान्य आहे. पन सुधारलेल्या मातीवर सुबाभळीशिवाय काय उगवलं, ते तुमी नाही सांगतलं." कोणीतरी त्याचं भाषांतर करून दिलं. त्या सरांनी चष्मा पुसला. हा प्रश्न मॅडमनी दुसऱ्याला विचारला खरा, पण पुढे तोच त्यांच्याही वाट्याला येणार होता, आणि ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

पर्समध्ये माचिशीबरोबर एक चमचाही असायचा. तो निलगिरीसाठी. आम्हा मंडळींना घेऊन त्या जुन्या निलगिरीच्या रोपवनात जात, पाचोळा पायाने बाजूला सारत आणि कोरड्या मातीवर चमचाभर पाणी अलगद ओतत. पाणी मुरत नसे. काचेच्या गोटीसारखं मातीवर बसून राही, चकाकत. निलगिरीच्या पानांतलं तेल मातीच्या कणांवर मेणासारखं चढतं, त्याचा हा परिणाम. पुस्तकात ते एका परिच्छेदात आहे. पण मॅडम उकिडव्या बसून त्या थेंबाकडे पाहत राहायच्या आणि आम्हालाही बसायला लावायच्या. थेंब कधी मुरतो ते पाहायचं. पाय दुखायला लागायचे. कोणी उठलं की म्हणायच्या, "बस ना गा. पान्याले जागा मिळाली नाही अजून, तू कुठी चालला?"

सागवानाच्या रोपवनात मात्र त्या पावसात जात. छत्री घेऊन जात, पण ती उघडत नसत. दांडीने वरचं पान दाखवत. सागाच्या रुंद पानावर बारीक सरी एकत्र होतात आणि टपोरा थेंब होऊन खाली आदळतात. खाली गवत नसलं, पाचोळा वणव्यात जळून गेला असला, की तो थेंब उघड्या मातीला खणत जातो. झाडं लावली म्हणजे माती वाचली, असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की त्या त्याला पावसात सागाखाली उभं करत. मी स्वतः उभा राहिलो आहे. भिजलो आणि पटलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या. आईवडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून आई वंदनेला पांढरी सुती साडी नेसायची, आणि तशा साड्यांची एक पेटीच घरात होती. आई गेल्यावर मॅडमनी त्या साड्या एकेक करून पट्ट्या कापून मातीला दिल्या. नातेवाइकांना ते आवडलं नाही. माझ्यादेखत त्यांच्या मावसबहिणीने विचारलं, "आईची साडी अशी चिखलात घालतं का वं कोनी?" मॅडम म्हणाल्या, "कपाटात ठेवून डांबरगोळ्यांचा वास देऊ का तिले? माह्या आईनं आयुष्यभर लोकाले खाऊ घातलं."

निवृत्त झाल्यावर मॅडम पेन्शन घेऊन घरी बसल्या नाहीत. पारशिवनी, रामटेक भागातली जुनी, विसरली गेलेली निलगिरीची रोपवनं शोधत हिंडायच्या आणि त्यांच्याखाली जेवण देत फिरायच्या. सुटीच्या दिवशी मी गाडी घेऊन बरोबर जायचो. अशाच एका गावात ते करणीचं प्रकरण झालं.

गाव पारशिवनीच्या पुढे. गावाला लागून झुडपी जंगलाची मोठी पट्टी होती. कागदोपत्री ती जंगल आणि वहिवाटीने गावाची चराई. तिच्या एका टोकाला जुनी निलगिरी उभी होती, दुसऱ्या टोकाला मसणवट, आणि मधली बहुतेक सगळी जमीन घाणेरीने गिळलेली. गावात तिला रायमुनिया म्हणतात. मॅडमनी निलगिरीत आणि कडेच्या पळसाखाली पट्ट्या पुरल्या आणि जागा सापडावी म्हणून प्रत्येकीला तांबड्या तारेचा तुकडा बांधून त्याचं टोक वर ठेवलं. आम्ही परत गेलो तेव्हा निलगिरीच्या कडेला अर्धं गाव उभं होतं. गावाची गुरं राखणाऱ्या गायक्याला एक तार दिसली होती. त्याने ओढली, तर खालून पांढरं कापड निघालं. मग दुसरं. मग तिसरं. गावात एक गाय आजारी होती. बाकीचं लोकांनी स्वतःच जुळवलं होतं.

सगळ्यांच्या पुढे शेवंताबाई होती. गावातली सर्वांत जास्त गुरं तिची, आणि तोंडही तिचंच सर्वांत तिखट. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "हे मसनातलं कापड तुमी पुरलं का वं बाई?"

मला वाटलं, मॅडम आता अंधश्रद्धेवर बोलणार. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच बोलणं चालत आलेलं. त्यांनी त्या ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अवं, पन कोनतं कुठून काढलं?" त्या कळवळून म्हणाल्या. "सगळं एकाजागी केलं तुमी! जास्त कुजलेलं कोनत्या झाडाखालचं होतं, ते तरी ध्यानात आहे का कोनाच्या?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. करणी करणारी बाई असं बोलत नसते, एवढं सर्वांना कळलं. तो गायकी पुढे झाला आणि त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे दोन पट्ट्या कडेच्या पळसाखालच्या आणि बाकीच्या निलगिरीखालच्या अशा वेगळ्या करून दिल्या. निलगिरीखालच्या जवळजवळ कोऱ्या होत्या. शेवंताबाईने एक उचलून झटकली. "ही तर धुऊन नेसता येईन," ती म्हणाली. मॅडम इतक्या जोरात हसल्या की तीही हसली. त्या दिवशी आम्ही तिच्या ओसरीवर जेवलो, आणि निघताना तिने आपलं एक जुनं धोतर आणून दिलं. तिच्या नवऱ्याचं होतं, आणि नवरा अजून ते वापरत होता असं त्याच्या तोंडावरून वाटलं.

त्या ओसरीवरच मॅडमना गावाची खरी अडचण कळली. घाणेरीखाली काही उगवत नाही म्हणून एका सरकारी कार्यालयाने ती पट्टी निकामी ठरवली होती. तिला कुंपण घालून सागवान लावायचं ठरत होतं. कुंपण पडलं की चराई संपली. ज्यांच्याकडे शेत होतं त्यांनी कसंतरी भागवलं असतं. शेवंताबाईकडे शेत नव्हतं. होती ती गुरं, आणि ती त्या पट्टीच्या उरल्यासुरल्या कडांवर जगत होती.

"जनावरं विकावी लागन," ती म्हणाली. "मंग मी काय करू? पारशिवनीत जाऊन भांडी घासू?"

मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. "काहून विकता? गवत आना परत. जमीन निकामी नाही, हे त्याईले दाखवा."

"गवत येते का तथी?"

"येईन. ह्या घानेरीनं जमीन जाळून टाकली आहे. तिले मुळासकट उपटा, एक मूळ ठेवू नका. ती गेली का गवत आपोआप येते."

इतक्या ठामपणे सांगितलेलं मी मॅडमच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं आणि ते शेकडो वेळा बरोबर निघालं होतं. मी मान डोलावली. मॅडम स्वतः त्या कार्यालयात गेल्या, तिथल्या अधिकाऱ्याला भेटल्या आणि गावासाठी मुदत मागून आणली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. पट्टीवर गवत दिसलं तर कुंपणाचा विचार सोडू, असं तो म्हणाला.

उन्हाळाभर गाव राबलं. कुदळी, पहारी, दोर लावून घाणेरी उपटली. अंग ओरबाडून निघालं. जमीन खड्ड्याखड्ड्यांची झाली, नांगरल्यासारखी भुसभुशीत. मॅडमनी मसणवटीकडचा एक कोपरा मात्र तसाच ठेवायला लावला. "पुढं लोकाले दाखवाले लागन, जमीन किती खराब झाली होती ते," असं त्या म्हणाल्या. आणि आषाढ लागल्यावर त्यांनी सगळीकडे पट्ट्या पुरल्या : मोकळ्या केलेल्या जमिनीत, पळसाखालच्या जुन्या गवतात, आणि त्या राखलेल्या घाणेरीतही. घाणेरीखाली त्यांनी पट्टी पुरण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ होती. साग, निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ, गिरीपुष्प, सगळ्यांखालच्या मातीची भूक त्यांनी तपासली होती. घाणेरीखाली काही उगवत नाही हे डोळ्यांना दिसत होतं, म्हणून तिथली माती मेलेली, हे त्यांनी धरूनच चाललेलं. तिला जेवण देऊन पाहावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

पाऊस झाला आणि गवत आलं नाही. रानतुळस आली. आधी बोटाएवढी, मग गुडघ्याएवढी, मग कमरेपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उग्र वासाची. गुरं तिच्याकडे पाहत आणि नाक फिरवून परत येत. आधी घाणेरीच्या फटींतून निदान चार काड्या मिळत होत्या. आता त्याही नव्हत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पट्ट्या उकरल्या. पळसाखालच्या गवतातली अर्धी शिल्लक होती. मोकळ्या जमिनीतली चाळणी झालेली. राखलेल्या घाणेरीच्या कोपऱ्यात मॅडम स्वतः आत सरपटत गेल्या. मी बाहेर उभा होतो. मग त्या बाहेर आल्या, केसांत काटक्या, हातात नुसती तांबडी तार. तारेला कापड नव्हतं.

"तुटली का?" मी विचारलं.

"नाही गा. खाऊन टाकली. सगळी." त्या तिथेच मातीत बसल्या आणि मूठभर माती उचलून मला दिली. काळी, हलकी, ओलसर, बागेतल्या खतमातीसारखी. "एवढी भूक मी कुठंच नाही पाहिली. ही जमीन उपाशी नव्हती. ही तर माजली होती."

बोलता बोलताच त्यांना सगळं उलगडत गेलं, आणि मी ऐकत गेलो. घाणेरीचा पाला वर्षानुवर्षं तिथेच पडत होता, कुजत होता, आणि माती पोसली जात होती. खाली काही उगवत नव्हतं ते सावलीमुळे आणि दाटीमुळे. आमच्याकडची जुनी गवतं, पवन्या, मारवेल, ही बरड, हलक्या जमिनीची. त्यांना थोडंच लागतं आणि ती सावकाश वाढतात. आपण सावली काढली, माती खणून भुसभुशीत केली आणि पंगत उघडी टाकली. पंगतीला जो आधी धावला तो बसला. रानतुळस धावली.

गाडीत मी म्हटलं, मॅडम, पाऊस यंदा जास्त होता, बियाणं ओढ्यातून वाहून आलं असेल. असं सांगता येईल. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तसं सांगतलं तर पुढल्या साली ते परत उपटतीन. मंग काय करशील?"

ग्रामसभा पोळा झाल्यावर झाली. शाळेच्या पटांगणात लोक बसले होते आणि शेवंताबाई उभीच होती. मॅडमनी ती मोकळी तार सगळ्यांना दाखवली. "चूक माही आहे," त्या म्हणाल्या. "तुमी मेहनत केली, त्यात खोट नाही. मी सांगतलं ते चुकीचं होतं. जमीन जळली नव्हती. मी तपासलंच नव्हतं."

मग शेवंताबाई बोलली. "माह्या हाताचे फोड अजून गेले नाही. दिवाळी झाली का तो साहेब येईन. तुमी तर नागपूरले चालल्या जासान. आमी कुठी जावाव?"

"मी कुठंच जाऊन नाही राहिली," मॅडम म्हणाल्या. "साहेबाले मी भेटते. अजून एक साल मागते. पन या खेपेले जे सांगीन ते उलटं आहे, पटलं तरच करा." आणि त्या उकिडव्या बसल्या, जशा निलगिरीच्या थेंबापाशी बसत. "या जमिनीले आता उपास पायजे. ही रानतुळस फुलावर यायच्या आधी कापा आन् उचलून बाहेर न्या. तथी कुजू देऊ नका. एक काडी ठेवू नका. उरलेली घानेरी खनू नका, मातीखाली मुळावर घाव घाला आन् झुडूप मुळं वर करून उलटं टांगा, परत रुजन नाही. माती हलवू नका. मंग मसनाच्या बांधावर जुनं गवत उरलं आहे, त्याचं बी पेरा."

आयुष्यभर मातीला जेवण देत आलेली बाई आता तिला उपाशी ठेवा म्हणत होती. मला हसू आलं नाही, पण मागून कोणीतरी म्हटलंच, "मॅडम, तुमी तं घरी चतुर्थी नाही धरत, आन् आमच्या जमिनीले उपास धराले लावता?"

पटांगण हसलं. मॅडमही हसल्या. "मी नाही धरत, खरं आहे. पन हिले धरावाच लागते. हिनं लय खाल्लं."

शेवंताबाई हसली नव्हती. "बाई," ती म्हणाली, "आतापर्यंत जो कोनी साहेब आला, तो चुकला तरी पावसाचंच नाव सांगून गेला. कापतो आमी. पन तुमाले यावं लागन कापाले."

मॅडम गेल्या. त्या वयात, कमरेला पट्टा बांधून, विळा घेऊन. त्यांना नीट कापता येत नसे, बाया त्यांना हसत. कापलेली रानतुळस वाहून नेणाऱ्या बैलबंडीवर त्या बसत आणि वाटेत पडलेली एखादी फांदी दिसली की बंडी थांबवत. अधिकाऱ्याकडे त्या दोनदा गेल्या. दुसऱ्या वेळी त्याला पट्टीवर आणून त्यांनी खड्डा खणायला लावला. वर ढोपरभरसुद्धा माती नव्हती, खाली सगळा मुरूम. "वरची माती चार साल पुरन," त्या म्हणाल्या. "मंग तुमचा सागवान कुठं मूळ घालन? त्याची काठी होईन, खांब नाही." त्याने मुरमावर बुटाचं टोक आपटून पाहिलं आणि वर्ष दिलं.

दुसऱ्या पावसात गवत आलं. सगळीकडे नाही. जिथे माती हलली नव्हती तिथे दाट आलं, जुन्या खड्ड्यांवर विरळ. दिवाळीनंतर अधिकारी आला तेव्हा गाव त्याला मसणवटीकडच्या चांगल्या भागाकडे नेऊ लागलं. मॅडम त्याला उलट्या दिशेला घेऊन गेल्या, जिथे अजून रानतुळशीचे पट्टे होते. शेवंताबाईने कपाळावर हात मारला.

"मॅडम, इथे तर अजून बरंच आहे," तो म्हणाला.

"आहेच ना. म्हनून तर अथी आनलं. इथलं जाले अजून वेळ लागन, हे आजच सांगून ठेवते. बाकीचं जनावरं सांगतीन."

गायक्याने गुरं सोडली. ती आली, आमच्यामधून वाट काढत गेली आणि गवतात शिरली. गवत उपटण्याचा कुरकुर आवाज तेवढा चारी बाजूंनी येत राहिला. अधिकारी बराच वेळ उभा राहून ऐकत होता. मग त्याने रुमालाने मान पुसली आणि सरपंचांना म्हणाला, "कुंपणाचं राहू द्या."

मॅडम यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी गल्ली आली होती. बाया पांढऱ्या साड्या नेसून ओळीने बसल्या होत्या. वंदना चालू असताना माझी नजर एका पदरावरून दुसऱ्या पदरावर जाऊ लागली. यातलं सुती कोणतं आणि मिश्र कोणतं हे मी ओळखत होतो, आणि हे शिक्षण मला कोणी दिलं ते आठवलं तेव्हा मला उठून बाहेर जावं लागलं.

कार्तिकात शेवंताबाईचा फोन आला. पट्टीवरचं गवत कापून त्याचे घरटी वाटे घालायचे होते, या. मी गेलो. कापलेल्या गवताचे भारे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकापुढे एकेका घरचं माणूस उभं होतं. एका भाऱ्यापुढे कोणीच नव्हतं.

"हा तुमच्या मॅडमचा," शेवंताबाई म्हणाली.

मी म्हटलं, मॅडम तर नाहीत आता.

"ते आमालेबी मालूम आहे गा. वाटा मानसाचा नाही राहत, घराचा राहते. कापाले आली होती ना ती? मंग गावात तिचं घर आहे. उचल."

मी म्हटलं, नागपुरात माझ्याकडे ना गाय ना म्हैस. इथेच राहू द्या, कोणाच्याही गुरांना घाला.

"दुसऱ्याच्या वाट्यात नाही घालता येत. आन् इथं टाकून जाता येत नाही, एक काडी ठेवू नका असं तिनंच सांगतलं होतं. तुमचं तुमी पाहा, कोनाले चारता ते."

शेवंताबाई आणि तिची शेजारीण, दोघींनी मिळून भारा माझ्या डोक्यावर चढवला. मी डगमगलो, आणि त्या हसल्या. कुसळं मानेत टोचत होती. हात वर करून तो धरत मी गाडीकडे चालू लागलो. मागे शेवंताबाईचा आवाज चढला होता. शेजारणीचा भारा आपल्यापेक्षा मोठा बांधला गेला आहे असं तिचं म्हणणं होतं, आणि शेजारीण काही ऐकून घेणारी नव्हती.